बैलांनी ओढलेली फोर्ड आणि स्टिअरिंगचा प्रश्न

वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाच्या आठवणींमध्ये एका मोटारीचा उल्लेख येतो. गाडी जमनालाल बजाजांची, फोर्ड कंपनीची. पण तिला ओढायला बैल. म्हणून तिचे नाव गमतीने पडले 'ऑक्स-फोर्ड'. या गमतीच्या पोटात यंत्रशास्त्रातली एक गोष्ट दडलेली आहे, आणि जुन्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी अशी आहे. बैल जुंपले की इंजिन रिकामे होते. पेट्रोल, रेडिएटर, क्लच, गिअर या साऱ्यांना सुट्टी मिळते. पुढची चाके मात्र वळवावीच लागतात. वऱ्हाड-नागपुराकडची बंडी दोन चाकांची. बैल वळले की ती जागच्या जागी फिरते, तिला वेगळे सुकाणू लागत नाही. मोटारीचे तसे नाही. तिचा पुढचा आस स्प्रिंगांनी चासीला जखडलेला असतो आणि प्रत्येक चाक आपापल्या किंगपिनवर वळते. दोन्ही चाकांना एका चालीत ठेवतो तो मधला टाय रॉड. कोणी स्टिअरिंग धरून बसो की जोखडाची दांडी त्या जोडणीला बांधो, त्या चार-सहा दांड्या, खिळी आणि बुश धड असल्याशिवाय गाडी वळणार नाही. इंजिनाला पर्याय सापडला. चाक वळवणाऱ्या जोडणीला सापडला नाही, सापडणारही नव्हता.

जुन्या गाडीच्या जीर्णोद्धारात मात्र हा क्रम नेमका उलटा दिसतो. पहिला खर्च रंगावर, मग क्रोमवर, मग गाद्यांवर. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो का, यावर तासन्‌तास चर्चा. स्टिअरिंगची पाळी शेवटी येते, आणि आली तरी 'प्ले (ढिलेपणा) काढून द्या' एवढ्यावर मिटते. या लेखाचे म्हणणे असे की, जुन्या गाडीत जे जे मूळचे आहे ते शक्य तितके राखावे हा नियम योग्यच आहे. पण स्टिअरिंगच्या जोडणीला तो लागू करू नये. तिथे झिजलेला भाग बदलावा, नवा घडवून बदलावा, तपासून बसवावा आणि त्याची नोंद ठेवावी. गाडीचे मूळपण त्या झिजलेल्या लोखंडात नसते, त्याच्या मापात आणि रचनेत असते. हे माप सांभाळणारा माणूस वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या लेथवरही असू शकतो, आणि त्याच्या हाताला या जिल्ह्यात एक जुना वैचारिक आधारही आहे.

आधी या जोडणीचा वंश पाहू. पुढची दोन्ही चाके एकाच कोनातून वळली तर आतले चाक घासत जाते, कारण आतल्या चाकाचे वर्तुळ लहान असते. त्याला जास्त वळावे लागते. हे साधणारी रचना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्श्पेर्गरने १८१७ मध्ये शोधली आणि १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमनने घेतले. आज जगभर ती आकरमनच्याच नावाने ओळखली जाते. ती मोटारीसाठी नव्हतीच, घोडागाडीसाठी होती. म्हणजे वर्ध्यात बैल जुंपलेल्या फोर्डमध्ये ही रचना, एका अर्थी, जनावराच्या गाडीकडेच परत आली होती. मोटारीने तिच्यावर फक्त माणसाच्या हाताची ताकद वाढवणारी दातेरी चाके चढवली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघालेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ही दातेरी चाके स्टिअरिंगच्या अगदी खालीच, एका लहानशा डब्यात होती. त्यानंतरच्या मॉडेल एमध्ये दांड्याच्या तळाशी वेगळी पेटी आली. तिच्यात मळसूत्रासारखा वर्म फिरतो आणि तो सेक्टर नावाच्या अर्धवट दातेरी चाकाला हलवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये रॉस पद्धतीची पेटी: खाचा पाडलेला कॅम आणि त्या खाचांत फिरणाऱ्या खुंट्या. पेटीतून बाहेर येतो तो पिटमन आर्म, त्याला ड्रॅग लिंक, तिला स्टिअरिंग आर्म, मग टाय रॉड आणि त्याच्या दोन्ही टोकांचे गोळे. माणसाचा हात आणि रस्ता यांच्यामध्ये ही अशी साखळी आहे, आणि तिची कोणतीही एक कडी सुटली तर बाकीच्या कड्यांचा काही उपयोग नाही. ब्रेकचे तसे नसते. तो कमी झाला तर पाय आधी सांगतो, हातब्रेक असतो, गिअर असतो. स्टिअरिंगची कडी तुटली की दुसरा उपाय उरत नाही.

ही साखळी झिजते कशी, ते कळले की 'प्ले काढून द्या' ही मागणी किती अपुरी आहे ते ध्यानात येते. गाडी आयुष्यातला बहुतेक प्रवास सरळ करते. त्यामुळे वर्मचा मधला भाग आणि सेक्टरचे मधले दाते झिजतात. टोकाचे दाते जवळपास नव्यासारखे राहतात. पेटीवर एक स्क्रू असतो, काही पेट्यांत पत्र्याच्या पातळ शिमा असतात. मिस्त्री तो स्क्रू आवळतो किंवा शिम काढतो, आणि सरळ रस्त्यावर प्ले खरोखर नाहीसा होतो. पण पूर्ण वळण घेताना न झिजलेले दाते एकमेकांत रुततात आणि स्टिअरिंग जड होऊन अडकते. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ व्हायला हवे, ते होत नाही. म्हणजे दोष दूर झालेला नसतो, सरळ रस्त्यावरून वळणावर गेलेला असतो. हीच गत किंगपिनची. पिन आणि बुश झिजले की चाक थरथरू लागते. मग टायरला, बॅलन्सिंगला, रस्त्याला दोष दिला जातो. वर्ध्याच्या कापसाच्या काळ्या जमिनीची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा लेप होतो, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ग्रीस पातळ होऊन निथळते, मागे धूळ उरते. रबरी टोप्या उन्हाने तडकतात आणि धुळीला वाट मोकळी होते.

कायद्याने या बाबतीत एक मोजमाप फार पूर्वी घालून दिलेले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम म्हणतो की स्टिअरिंगवर मोजलेला ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, जोडणीतल्या गोळ्यांना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा जखडलेल्या असाव्यात. तीस अंश ऐकायला थोडे वाटतात. पण जुन्या गाडीचे स्टिअरिंग साधारण ४३ सेंटिमीटर व्यासाचे धरले तर कडेवर हे अंतर सव्वाअकरा सेंटिमीटर भरते. एवढा हात फिरेपर्यंत चाक जागचे हलत नाही. नियमाने दिलेली ही परवानगीची शेवटची हद्द आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याने तिला ध्येय समजू नये.

आता बदलायचे काय आणि घडवायचे कुठे? या भागांची तीन गटांत विभागणी केली तर बराच गोंधळ मिटतो. पहिल्या गटात जे भाग झिजण्यासाठीच बनवले होते ते: बुश, बेअरिंग, सील, किंगपिन. चांगला टर्नर गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे बुश लेथवर सहज काढतो. किंगपिन योग्य पोलादाची घेऊन, कडक करून, ग्राइंड करून मिळते. अट एकच: वरचा आणि खालचा बुश ठोकून बसवल्यावर दोहोंतून एकाच लांब रीमरने सरळ रेषेत भोक साधायचे. दोन्ही वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी बसते आणि नवे बुश थोड्याच दिवसांत जुने होतात. दुसरा गट वर्म, सेक्टर आणि कॅमचा. इथे नुसता लेथ पुरत नाही. दाते कापणारे यंत्र हवे, वरचा थर कडक आणि गाभा चिवट ठेवणारी केस हार्डनिंग हवी, आणि जोडीतले दोन्ही भाग एकदम बदलायला हवेत. नवा वर्म जुन्या सेक्टरवर बसवणे म्हणजे नव्या कानशीने जुने लाकूड घासणे. तिसरा गट सर्वांत नाजूक: पिटमन आर्म, स्टिअरिंग आर्म, ड्रॅग लिंक आणि गोळ्यांचे खुंट. हे मूळचे घडीव, म्हणजे तापवून ठोकून बनवलेले. घडवताना पोलादाच्या आतले तंतू वाकाच्या दिशेने वळतात आणि तिथेच त्यांची ताकद असते. नवा भाग करायचा तर तो घडवून करावा, किंवा उत्तम पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून जादा जाडी ठेवून कापावा आणि बसवण्याआधी चुंबकीय किंवा रंगाच्या पद्धतीने तडा तपासून घ्यावा. गोळ्याच्या मानेशी जिथे जाडी बदलते, तिथला कोपरा गोलसर हवा. टर्नरने तो सफाईसाठी काटकोनात काढला तर तडा तिथूनच सुरू होतो.

भाग मिळणे-न मिळणे गाडीच्या वयावर ठरते असे वाटते. प्रत्यक्षात ते ठरते उत्पादनाच्या साखळीवर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डची भारतातली कंपनी कॅनडाच्या फोर्डची उपकंपनी होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांनी नव्हे, टप्प्याटप्प्याने इथेच बनवणाऱ्यांनी या धंद्यात राहावे. १९५३-५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी इथले काम बंद केले. तेव्हापासून त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग अनाथ झाले. उलट विलीज जीप या कंपन्या बंद होण्याच्याही आधीची, युद्धातली. पण महिंद्रांनी तिचा वंश मुंबईत पुढे कित्येक दशके चालवला, म्हणून तिच्या स्टिअरिंगचे भाग आजही बाजारात मिळतात आणि परदेशातही जातात. फियाटचे तेच, अ‍ॅम्बेसेडरचे तेच: वालचंद हिराचंदांची प्रीमियर आणि बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स यांनी एकेक रचना इतकी वर्षे चालवली की गावोगावच्या मिस्त्र्याला तिचे माप तोंडपाठ झाले. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल एसाठी अमेरिकेत नवे भाग बनतात. पण तिथली मागणी डावीकडच्या स्टिअरिंगची असते आणि आपल्याकडच्या गाड्यांना उजवीकडचे लागते. आतले दाते जुळले तरी पेटी, कंस आणि ड्रॅग लिंक बरेचदा जुळत नाहीत. म्हणजे आयात हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा इथेच घडवावा लागतो.

पहिला आक्षेप संग्राहकांचा. ते म्हणतील, असे एकेक करून बदलत गेलो तर गाडीत जुने काय उरले? आक्षेप गंभीर आहे आणि कायद्यानेही तो मान्य केलेला आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मूळ स्वरूप म्हणजे काय, हे सांगताना मोठ्या फेरफारांची उदाहरणे दिली आहेत ती चासी, बॉडी आणि इंजिन यांची. झिजलेला बुश किंवा टाय रॉडचे टोक त्या यादीत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, २०१२ ची तुरीन सनद हेच अधिक स्पष्ट करते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंसाठी जे तत्त्व मांडले होते, ते तिने वाहनांना लावले: नवा भाग बसवला तर त्यावर कायमची, ओळखू येणारी खूण करा, काढलेला जुना भाग गाडीबरोबर जपून ठेवा. म्हणजे बदल करण्याला विरोध नाही, बदल लपवण्याला आहे. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. बंडीचे आरे बदलतात, चाकावरची धाव नवी चढते, आख बदलतो; बंडी आजोबांचीच राहते, कारण सुताराने तुंब्याचे माप आणि चाकाचा घेर तोच ठेवलेला असतो.

दुसरा आक्षेप कारागिरांचा आणि तो पोटाशी जोडलेला आहे. नवा भाग महाग. झिजलेल्या गोळ्यावर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर पुन्हा गोल काढता येतो, वाकलेला आर्म तापवून सरळ करता येतो, आणि असे केलेल्या गाड्या वर्षानुवर्षे धावत आहेत. हा अनुभव खोटा नाही. पण तो टिकलेल्या गाड्यांचा अनुभव आहे. न टिकलेल्या गाडीचा भाग कोणी पुन्हा दुकानात दाखवायला आणत नाही. वेल्डिंगच्या शिवणीशेजारचे पोलाद एकदम तापून एकदम थंड होते, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ बनते. रोजच्या लहान लहान हेलकाव्यांनी त्यात केसाएवढा तडा पडतो, महिनोन्‌महिने आत सरकत जातो आणि एखाद्या खड्ड्यावर भाग एकदम तुटतो. तोवर हाताला काहीच कळत नाही. म्हणून वेल्डिंग नको असे सरसकट म्हणायचे नाही. मडगार्डला चालेल, चासीच्या कंसाला विचार करून चालेल. तिसऱ्या गटातल्या भागांना चालणार नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा. जुन्या पेटीच्या नादी कशाला लागायचे? अ‍ॅम्बेसेडरची रॅक बसवा, नाहीतर आजच्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग. दिसायला हा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो. पण चाक खड्ड्यात वर-खाली होते तेव्हा आस एका कमानीत हलतो आणि ड्रॅग लिंकचे टोक दुसऱ्या कमानीत. मूळ रचनाकाराने या दोन कमानी जवळजवळ एकमेकींवर येतील अशा बेताने पेटीची जागा ठरवलेली असते. दुसरी पेटी दुसऱ्या जागी बसवली की कमानी फाकतात, आणि मग स्टिअरिंग स्थिर धरले तरी प्रत्येक खड्ड्यावर चाक स्वतःहून थोडे वळते. भाग नवा, दणकट, पण गाडी भटकणारी. शिवाय त्यासाठी चासीला भोके पाडावी लागतात, कंस कापावे लागतात. तो फेरफार मात्र 'मूळ स्वरूप' मोडणारा ठरू शकतो. तेव्हा मूळ मापाचा नवा भाग हाच एक उपाय असा आहे की ज्यात सुरक्षितता आणि इतिहास एकमेकांच्या आड येत नाहीत.

चौथा आक्षेप वापराचा: ही गाडी वर्षातून दोनदा निघणार, तीही मिरवणुकीच्या वेगाने; तिला एवढे कशाला? 'व्हिंटेज' नोंदणीची गाडी नियमाप्रमाणे रोजच्या ये-जा करण्यासाठी नसतेच. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यासाठी ती रस्त्यावर येते. पण वेग कमी म्हणजे ताण कमी, हा समज स्टिअरिंगच्या बाबतीत चुकीचा आहे. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना चाक वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो, आणि मिरवणुकीत, मांडवात, गर्दीत नेमके तेच करावे लागते. आणि मिरवणुकीच्या दोन्ही अंगांना माणसे उभी असतात. त्यातही जुन्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा अखंड, सरळ छातीकडे रोखलेला. धडक बसल्यावर दुमडणारे दांडे पुष्कळ नंतर आले. अशा गाडीत चूक झाली तर ती माफ करणारे काहीच नसते.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो वर्ध्याच्या मातीतून उठतो. जुन्या मोटारी हा पैसेवाल्यांचा छंद. गांधीजींच्या जिल्ह्याने त्याची काळजी का करावी? गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांना विचारले असते तर त्यांनी नक्कीच मोटारीऐवजी बंडीची बाजू घेतली असती. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला, जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम चालले, आणि १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स'मध्ये कुमारप्पांनी साधनांचे दोन भाग केले: जमिनीतून एकदाच काढता येणारे खनिजांचे साठे आणि पुन्हा पुन्हा उगवणारे प्रवाह. त्या हिशेबाने चारशे ग्रॅमच्या एका गोळ्यावाचून हजार किलोचे लोखंड भंगारात घालणे ही साठ्याची उधळपट्टी ठरते. याहून नेमका आधार चरख्यात सापडतो. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले तेव्हाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हिंदुस्थानात बनवता यावा, त्याची किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, तो वेळोवेळी देखभाल करून निदान वीस वर्षे चालावा आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. यंत्राच्या अटींतच दुरुस्तीचा खर्च लिहून ठेवणारी ही दृष्टी आजच्या कितीतरी कारखानदारांकडे नाही. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना हाच प्रश्न मनात धरून पाहावे: हा भाग मोडला तर कोण घडवील?

या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यात केवळ वैचारिक उत्तर नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव हा कापसाचा पट्टा; इथल्या जिनिंगमध्ये चामड्याचे रोलर दर हंगामात झिजतात, पाती घासून पुन्हा लावावी लागतात, आणि हंगाम थांबत नसल्याने भागाची वाट पाहत बसणे परवडत नाही. ज्या गावात जिन आहे तिथे टर्नर, फिटर आणि लोहार यांचे हात रिकामे नसतात. हे हात मोटारीचा बुश काढू शकतात. दाते कापण्याचे आणि कडक करण्याचे काम नागपूर-पुण्याच्या मोठ्या कारखान्यांवर सोपवावे लागेल, त्यात कमीपणा नाही. पण नमुना नीट मोजणे, नकाशा काढणे, तयार भाग तपासून बसवणे हे जिल्ह्यात होऊ शकते, आणि ते होणे म्हणजे छंदाच्या पैशातून कसब टिकणे. पैसेवाल्याचा छंद हा आक्षेप खरा मानला तरी त्याचे उत्तर हेच: तो पैसा परदेशातून पार्सल मागवण्यात जावा, की इथल्या लेथवर?

हे सारे सांभाळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जुना भाग काढल्यावर आधी तो मोजावा आणि सर्वांत कमी झिजलेल्या जागेचे माप मूळ माप म्हणून धरावे. झिजलेल्या जागेची हुबेहूब नक्कल केली तर झीजही हुबेहूब उतरते. नकाशावर पोलादाची जात, कडकपणा आणि कोपऱ्यांची गोलाई लिहावी. नव्या भागावर, जिथे ताण येत नाही अशा जागी, सालाचा ठसा मारावा. जुना भाग पुसून, तेल लावून, तारेने चिठ्ठी बांधून डिकीत ठेवावा. दसऱ्याला, खंडेनवमीला, हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा होते. झेंडूची माळ बहुधा बॉनेटवर चढते. माळ चढवण्याआधी एकाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली वाकून टाय रॉडच्या टोकांवर हात ठेवावा. जिथे हाताला टकटक लागेल, तो भाग त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.